मदत हवी आहे: चुकीची उंची कंट्रोलरला आधी कळते का?

इथे कोणी एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) कंट्रोलर किंवा पायलट आहे का? कॉलेजच्या प्रेझेंटेशनसाठी १९९६ ची चरखी दादरीची (हरियाणा) दोन विमानांची हवेतली टक्कर घेतलीये. कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरायला सांगितलेलं, समोरून सौदी विमान १४,००० वर येतंय हेही सांगितलेलं, तरी ते खाली आलं आणि ३४९ माणसं गेली, वाचताना फार त्रास होतो. कझाक विमानात रेडिओवर बोलणाऱ्याकडे स्वतःचा उंचीमापक नव्हता आणि तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती, हे वाचून झालंय. व्हिडिओही पाहिलेत. टीकॅसचं (विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा) माहितीये, ते नकोय. मला एवढंच हवंय, पायलटने रीडबॅक (कंट्रोलरची सूचना परत म्हणून दाखवणं) बरोबर दिला पण ऑटोपायलटला उंची चुकीची लावली, तर आज मुंबई-दिल्लीच्या कंट्रोलरला विमान ती लेव्हल मोडायच्या आधीच स्क्रीनवर ते दिसतं का?