आपलं घर, शेजाऱ्याची भिंत: आवाजाबद्दलचे अनुभव

स्वतःच्या घरात काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आवाज भिंत ओलांडतो आणि मग तो दोन घरांचा होतो. 'जरा सांभाळून घ्या' हे ऐकून सगळेच कंटाळलेत. ज्यांचा या गोष्टींशी रोजचा संबंध येतो त्यांनी लिहा: आवाज जातो कुठून, कशाने खरंच कमी होतो, कशात नुसते पैसे जातात. शेजाऱ्यांची गाऱ्हाणी इथे नकोत.

ध्वनिरोधनाची कामं करणारा

आधी वाट ओळखा. बोलणं, टीव्ही, गाणी हवेतून जातात: दाराची फट, खिडकी, पातळ भिंत. चालणं, खुर्ची ओढणं, ठोकाठोकी हे धक्के थेट स्लॅबमध्ये उतरतात. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. खुर्चीच्या पायांना फेल्ट लावायचं सोडून लोक भिंत जाड करत बसतात.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात फोममध्ये. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडे जाणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. आवाज अडवायला वजन लागतं, आणि भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी पदरात पडतात जेमतेम ५-६ डेसिबल. त्याआधी फटी बुजवा. दार ४० डेसिबल अडवणारं असलं, पण त्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट उघडी राहिली, तर अडवतं फक्त २० च्या आसपास. २ मीटर उंचीच्या दाराखाली २ सेंटिमीटरची फट म्हणजे तो एक टक्का झालाच. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी लावा, खाली दार लावल्यावर दाबली जाणारी पट्टी. ब्रशवाली पट्टी धूळ अडवते, आवाज फारसा नाही.

घरगुती स्पीकर बसवणारा

वरच्या मुद्द्यात भर: हे सगळं बेसला, म्हणजे खालच्या पट्टीतल्या जाड आवाजाला, लागू नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. घरातल्या साध्या भिंतीला ती फारशी दाद देत नाही. भांडणं होतात ती मोजण्यावरून. फोनवरची बहुतेक ॲप 'ए' मापाने मोजतात आणि त्या मापात ५० हर्ट्झचे ३० डेसिबल वजा होतात. त्यामुळे एक जण ४५ चा आकडा दाखवतो, दुसरा म्हणतो छातीत धडधडतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात. ॲपमध्ये 'सी' माप असेल तर ते लावा, त्यात बेस फारसा वजा होत नाही, आणि भिंतीपलीकडे जाऊन मोजा. सबवूफर (बेसचा स्पीकर) कोपऱ्यातून बाहेर काढा, कारण कोपरा बेस वाढवतो. खाली जाड मऊ पॅड ठेवा. रात्री टीव्हीचा नाइट मोड लावा: संवाद ऐकू येतात, स्फोट दबतात.

वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा

हादरणाऱ्या मशीनखाली रबराचे पॅड सरकवणं हा शेवटचा उपाय. आधी लेव्हल लावून चारही पाय जमिनीला टेकवा, मग पायाचा लॉकनट वर आवळा. तो सैल राहिला की पाय हळूहळू फिरतो. नव्या मशीनच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का ते पाहा, ही चूक भरपूर दिसते. एकटी जाड चादर टाकली तर ती एका बाजूला गोळा होते. सोबत दोन-तीन टॉवेल टाका. आणि वेळेचा हिशेब सुरुवातीचा नाही, शेवटच्या स्पिनचा करा. रात्री नऊला लावलेलं दोन तासांचं सायकल जोरात फिरतं ते अकराला.

ड्रम शिकवणारी

इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतला की प्रश्न मिटला, हे विकणाऱ्याचं म्हणणं. हेडफोनमुळे हवेतला आवाज बराच कमी होतो, पण पायाने मारायच्या किक पेडलचा ठोका खालच्या घराच्या छतावर तसाच पडतो. १८ मिलिमीटर प्लायच्या दोन पाट्या आणि मध्ये टेनिसचे चेंडू, असा चौथरा चांगलं काम करतो. चेंडू हलू नयेत म्हणून भोकांत बसवा. पेडल आणि बैठकीखाली ते जास्त लागतात. वरची पाटी भिंतीला किंवा खालच्या पाटीला कुठेही टेकली की सगळी मेहनत फुकट. सराव रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास करा. कधी संपणार हे माहीत असलेला आवाज माणसं सहन करतात.

इमारतीचं व्यवस्थापन पाहणारा

'थोडं काम काढलंय' अशा निरोपाला अर्थ नाही. असं लिहा: 'मंगळवार-बुधवार, १० ते १, स्वयंपाकघराच्या भिंतीत ड्रिल. कुणाची रात्रपाळी किंवा तान्हं बाळ असेल तर आधी सांगा, वेळ बदलू.' तक्रार करणाऱ्यानेही 'तुमच्याकडे नेहमीच' म्हणू नये; वार, वेळ, कोणत्या खोलीत ऐकू येतं ते सांगावं, आणि आवाज चालू असताना तणतणत दार वाजवू नये. मात्र लहान मूल दुपारी घरात धावतं, फ्लश होतो, याबद्दल कुणालाही नोटीस देऊ नये. ते राहणंच आहे.

सुतार

वरच्या निरोपाला जोड. काँक्रीटमध्ये साधं ड्रिल एकेका भोकाला घासत बसतं. रोटरी हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोकणारं जोरकस ड्रिल, तेच भोक बऱ्याचदा काही सेकंदांत पाडतो. तो भाड्याने आणा, टोक नवीन घ्या. सगळ्या खुणा आधी पेन्सिलने करून ठेवा, भोकं एका बैठकीत पाडा. स्क्रू संध्याकाळी हाताने बसवलेत तरी चालतात.