महापालिकेच्या शाळेसाठी वस्तीकडून नेमके काय मागावे?

प्रश्न : सातपूरची पालक

नमस्कार. माझी मुलगी नाशिकच्या सातपूर भागातील महापालिकेच्या प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते आणि यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून माझी निवड झाली आहे. आमच्या वस्तीतील बहुतेक पालक औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतात. बरीच घरे खानदेशातून आलेली आहेत, तर काही उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. मदत करू इच्छिणाऱ्यांची वानवा नाही. एक गणेश मंडळ टीव्ही द्यायला तयार आहे, एका कारखान्याकडून भिंती रंगवून मिळतील आणि काही निवृत्त मंडळी 'काहीही सांगा, करतो' असे म्हणतात. मुलांच्या अभ्यासाबरोबरच त्यांचे आरोग्य, खेळ, भाषा आणि मन यांचीही काळजी शाळेत घेतली जावी असे वाटत असेल, तर पहिल्या वर्षी वस्तीकडून काय मागावे? आणि सह्या करण्यापलीकडे आमच्या समितीचे काम नेमके कोणते?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, दिंडोरी तालुका

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे कायद्यानेच ठरवून दिलेली आहेत. याच कायद्याच्या २९व्या कलमात मुलाच्या सर्वांगीण विकासाचा आणि त्याला भय व ताण यांपासून मुक्त ठेवण्याचा उल्लेख आहे. व्यवहारात मात्र आराखड्यात खोल्या, कुंपण आणि संगणक एवढेच उतरते. तुम्ही त्यात मुलांविषयी चार ओळी लिहून घ्या : कोण वारंवार गैरहजर राहते, कोणाला वाचता येत नाही, कोण डबा किंवा आहार अर्धवट टाकते, कोण कोणाशीच बोलत नाही. वर्गशिक्षिकांना हे ठाऊक असते, परंतु त्यांना कोणी विचारत नाही. या नोंदी नावानिशी सभेत वाचून मात्र दाखवू नयेत.

आमच्या तालुक्यात द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा आणि पेठ भागातून मजूर कुटुंबे येतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. अशा मुलांना दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही, हे कायदा सांगतो. तथापि प्रवेश मिळाला म्हणजे मूल वर्गात रुळले असे होत नाही. मुलाच्या घरी बोलली जाणारी भाषा जाणणारी एखादी बाई किंवा आजी पहिले काही आठवडे वर्गाजवळ बसली, तर ते मूल टिकते, हे मी वारंवार पाहिले आहे. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, त्यामागचा विचार हाच होता की शाळेने मुलाच्या दिवसाकडे पाहून आपली रचना करावी. तुमच्या वस्तीत अहिराणी बोलणाऱ्या आज्या असतील. त्यांना शनिवारी गोष्टी सांगायला बोलवा. भोजपुरीतली गोष्ट आली तर आणखी उत्तम, कारण ज्याची भाषा वर्गात ऐकू येते त्या मुलाची मान ताठ होते.

आहाराबद्दलही थोडे सांगतो. प्राथमिक वर्गातील मुलाच्या पोषण आहाराचे प्रमाण ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. वाढदिवसानिमित्त किंवा सणाला लोकांनी तिथिभोजन द्यावे, अशीही सोय योजनेत आहे. लोक हौसेने जिलेबी आणतात. त्यांना शेंगदाण्याचे लाडू, केळी, मटकीची उसळ सुचवा, आणि हे नेहमीच्या आहारात भर म्हणून असावे, त्याऐवजी नव्हे.

उत्तर : आरोग्यसेविका, पंचवटी

सरांच्या यादीत मी एक भर घालते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत मुलांची तपासणी करते, दात, डोळे, कान, रक्तक्षय यांच्या नोंदी होतात आणि गरज असलेल्यांना पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली जाते. अडते ते यानंतर. चिठ्ठी दप्तरात राहते, कारण पाळी सोडून रुग्णालयात जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. फळ्यावरचे न दिसणारे मूल मग 'अभ्यासात कच्चे' ठरते. तुमच्या निवृत्त मंडळींसाठी याहून नेमके काम मला सुचत नाही : पालकांची लेखी संमती घेऊन आणि घरातील एखादे मोठे माणूस बरोबर घेऊन मुलाला जिल्हा रुग्णालयापर्यंत नेणे, केसपेपर काढणे, चष्मा मिळेपर्यंत पाठपुरावा करणे. टीव्हीचे पैसे शिल्लक राहिले तर चष्म्यांकडे वळवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : जुने नाशिककर

दोघांशीही बहुतांशी सहमत आहे, पण टीव्हीला इतके नाक मुरडू नये. मंडळाची पोरे आज टीव्ही देतील आणि उद्या मैदान झाडायला, खो-खोची आखणी करायलाही येतील. दारातच नकार मिळाला तर ती परत फिरकणार नाहीत. मात्र देणगीदाराचा फलक आणि मुलांना रांगेत उभे करून काढलेली छायाचित्रे यांना समितीने ठाम नकार द्यावा. मदत घेताना मुलाला लाजिरवाणे वाटता कामा नये.

पुस्तकांबाबतही सावध राहा. १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या शहरात पुस्तके देणारे पुष्कळ भेटतात, पण शाळेत येऊन पडतात ती स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि गेल्या पिढीचे दिवाळी अंक. पातळ, चित्रांची, मोठ्या टायपातली पुस्तके हवीत, असे आधीच सांगावे.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती सुरक्षिततेची. बाहेरचा माणूस कितीही सज्जन असो, तो मुलांबरोबर एकटा राहणार नाही, वर्गात शिक्षक असतीलच, येण्याजाण्याची नोंद वहीत होईल, हा नियम पहिल्या दिवशीच करावा. राज्यात शाळांसाठी सखी सावित्री समितीची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे पाहणाऱ्या समितीची, तरतूद आहे. आपल्या शाळेतील समितीत कोण आहे आणि ती बसते का, हे विचारा. १०९८ हा संकटातील मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांना दिसेल अशा उंचीवर लावा, कार्यालयात नव्हे.

सातपूरची पालक

सर्वांचे आभार. गोष्टींचा शनिवार आणि चिठ्ठ्यांचा पाठपुरावा हे दोन्ही मुद्दे या महिन्याच्या सभेत मांडते. अडचण एकच आहे : सभा दुपारी होते, तेव्हा पहिल्या पाळीचे पालक कामावर असतात आणि रात्रपाळीचे झोपलेले.

निवृत्त मुख्याध्यापक, दिंडोरी तालुका

ताई, समितीची सभा दुपारीच घ्यावी असे बंधन नाही. मुख्याध्यापिका बाई सदस्य-सचिव असतात. त्यांच्याशी बोलून एक सभा संध्याकाळी आणि पुढची साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी, अशी आलटून पालटून ठेवा. तसे करताना शिक्षकांच्या सुट्टीचा विचार करा आणि त्यांना त्याबदल्यात सवलत मिळेल का, हे आधी विचारून घ्या. सभेचा विषय एकच ठेवा. सात विषयांची सभा चहावर संपते.