‘मेक वे फॉर टुमॉरो’मधली मुलं खरोखर दोषी आहेत का?

मूळ मत:
लिओ मकॅरी यांचा हा १९३७ सालचा चित्रपट आज फार थोड्यांना आठवतो, याची मला खंत वाटते. बँकेचे कर्ज न फिटल्याने घर गमावलेल्या लूसी आणि बार्क कूपर या म्हाताऱ्या जोडप्याला पाच मुलांपैकी कोणीही एकत्र ठेवून घेऊ शकत नाही. म्हणून आई न्यूयॉर्कला जॉर्जकडे जाते आणि वडील कोराकडे. माझ्या मते चित्रपटाची थोरवी अशी, की त्यात खलनायकच नाही. जॉर्जची पत्नी अनिता घरी ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचे वर्ग घेऊन संसाराला हातभार लावते. त्याच वर्गात सासूबाईंची झुलती खुर्ची करकरत राहते, आणि बार्कचा फोन येतो तेव्हा त्या इतक्या मोठ्याने बोलतात की पत्ते हातात धरलेली पाहुणेमंडळी ऐकता ऐकता गप्प होतात. अवघडलेली अनिता आणि एकाकी लूसी, या दोघींचीही बाजू मला पटते.

प्रतिसाद १:
मी सहमत नाही. बार्क आजारी असताना डॉक्टर येणार म्हणून कोरा त्याला घाईने आपल्या पलंगावर हलवते. ही अगतिकता नव्हे, देखावा आहे. तिच्या घरी सूप घेऊन येतो तो दुकानदार रुबेन्स, परका माणूस. पटकथा जॉर्जवर मेहेरबान आहे. त्याची भूमिका करणाऱ्या थॉमस मिचेल यांच्या सौम्य चेहऱ्यामुळे आपण विसरतो की आईला वृद्धाश्रमात पाठवण्याचे ठरवणाऱ्यांत तोही आहे. तो सांगायला धजत नाही, तेव्हा आईच पुढाकार घेऊन आपण होऊन तिथे जायची इच्छा बोलून दाखवते आणि त्याची सुटका करते. हा तिचा मोठेपणा आहे. त्याने मुलाचा दोष कमी होत नाही.

प्रतिसाद २:
माझा आक्षेप शेवटच्या भागावर आहे. मधुचंद्राच्या हॉटेलात पुन्हा गेलेल्या या जोडप्याशी गाडी विकणारा, हॉटेलचा व्यवस्थापक, वाद्यवृंदाचा प्रमुख असे सगळेच प्रेमाने वागतात. पोटची मुले कठोर आणि परके सगळे देवमाणसे, ही विभागणी मला सोपी वाटते. बार्कला दुसऱ्या मुलीकडे कॅलिफोर्नियाला नेणारी आगगाडी सुटते तो लूसीचा निरोप मात्र अस्सल आहे. तिथे मकॅरींनी गोड शेवट करण्याचा स्टुडिओचा आग्रह मानला नाही, याबद्दल त्यांना मानले पाहिजे.

मूळ मतकर्त्याचे उत्तर:
परक्यांची माया त्या दुपारपुरतीच आहे, त्यांना दुसऱ्या दिवशी कोणाला सांभाळायचे नाही. म्हणून ती विभागणी मला सोपी नव्हे, कटू वाटते. त्याच हॉटेलात दोघे एकमेकांचे चुंबन घ्यायला झुकतात, आणि लूसी क्षणभर कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे पाहून मागे सरते. वृद्धांच्या प्रेमाचा इतका संकोची आणि इतका धीट प्रसंग मी दुसऱ्या कुठल्याही अमेरिकन चित्रपटात पाहिलेला नाही. लूसीची भूमिका करणाऱ्या ब्यूला बाँडी तेव्हा जेमतेम पन्नाशीच्या आसपास होत्या, हे पाहताना खरे वाटत नाही.

प्रतिसाद ३:
दोघांच्याही मांडणीत काळ हरवतो आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा १९३५ साली झाला, पण निवृत्तांना दरमहा पैसे मिळू लागले ते १९४० साली. म्हणजे नोकरी गमावलेल्या बार्कसारख्यांना मुलांशिवाय आधार नव्हता, आणि मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या मुलांची घरेही लहानच होती. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’मध्येही (१९५४) म्हातारे आईवडील मुलांमध्ये असेच विभागले जातात आणि मराठी प्रेक्षकाचा राग सरळ मुलांवर जातो. मकॅरींच्या चित्रपटात तो राग माझ्या मनात टिकत नाही, कारण निरोपाला स्टेशनवर जावे की नाही हा प्रश्न येतो तेव्हा आपण वाईट वागलो आहोत हे जॉर्ज स्वतःच कबूल करतो.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे उत्तर:
काळाचा मुद्दा मान्य. घर लहान होते, पैसा कमी होता. पण जॉर्जच्या त्या कबुलीनंतरही पाचांपैकी एकजणही स्टेशनवर जात नाही. तिथे जायला ना मोठे घर लागत होते, ना निवृत्तिवेतन.