थोरली, मधली, धाकटी: घरातला क्रम आणि कामावरची जबाबदारी

मी तिघांत थोरली. सहा वर्षं बारा जणांची टीम सांभाळते आहे. गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता टीममधल्या एका मुलीचा अहवाल मी स्वतःच दुरुस्त करत बसले होते. तिने मदत मागितलीही नव्हती. लहानपणी धाकट्याने वहीच्या कव्हरची घडी वाकडी घातली की मी ती त्याच्या हातातून ओढून घ्यायचे. अगदी तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, चूक सांगितली असतीत तर मीच केलं असतं." फार लागलं मनाला. सांभाळायला मी घरात शिकले, सोपवायला शिकलेच नाही.

थोरलं मूल जबाबदारी उचलतं, असं मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरपासून सांगितलं जातं. पण 2015 साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांच्या माहितीचा अभ्यास झाला, त्यात जन्मक्रमाचा स्वभावावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. जर्मनीच्या माजी चान्सलर अंगेला मर्केल तिघांत थोरल्या. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि न्यूझीलंडच्या माजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न मात्र आपापल्या घरी दोन बहिणींतल्या धाकट्या. म्हणून कामावर जबाबदारी सांभाळणाऱ्या बायकांना मी सांगितलं: भावंडांत कितव्या आहात एवढंच नको, घरात तुमच्यावर काय सोपवलं होतं तेही लिहा. त्यांची ही उत्तरं.

चौघांत तिसरी
माझ्यावर निरोप सोपवले होते. ताई आणि दादाचा अबोला असला की "तिला सांग", "त्याला सांग" माझ्यामार्फत चालायचं. आज दोन विभागप्रमुखांचं बिनसलं की माझ्या खोलीचं दार वाजतं. ऐकून घेणं, शब्दांची धार काढून पुढे पोचवणं मला जमतं. पण पगारवाढीच्या बैठकीत मी माझ्या चारही माणसांची बाजू मांडली आणि उठून आले. स्वतःबद्दल बोलायचं राहिलंय, हे जिन्यात आठवलं.

थोरली, पाठचा भाऊ
मला हे थोरलेपणाचं कौतुक पटत नाही. कामं माझ्याकडे होती, निर्णय भावाचा. कामावरही दोनदा मला उपप्रमुख केलं, राबवून घेतलं, आणि प्रमुख बाहेरून आणला. तिसऱ्या वेळी मी स्पष्ट विचारलं, "सही कोणाची असेल?" हा प्रश्न मला पंधरा वर्षं आधी घरात विचारता यायला हवा होता.

शेंडेफळ
"हे मला येत नाही, दाखवता का?" असं विचारायला मला कधी लाज वाटली नाही. प्रमुख झाल्यावर त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. माझं म्हणणं लोकांनी गंभीरपणे घ्यायला मात्र वेळ लागला.

एकुलती एक
मोठ्यांतच वाढले, त्यामुळे वरिष्ठांची भीती नाही. बरोबरीच्यांशी वाद घालून पुन्हा हसत बोलणं मात्र तिशीनंतर शिकले.

जुळ्यांतली मोठी
मी बहिणीपेक्षा आठ मिनिटांनी मोठी. त्या आठ मिनिटांवर मी ताई झाले. रस्ता ओलांडताना तिचा हात धरायचा, दोघींची तिकिटं सांभाळायची, भांडणात आधी माघार घ्यायची. आज मी शाळा चालवते आणि ती एकटीने काम करते, मन लावून. परवा आईला विचारलं, सगळं मलाच का सांगायचीस? तिने थोडा विचार केला. म्हणाली, "तू आधी रडायची थांबायचीस गं. म्हणून तुला सांगायचे."