प्री-राफेलाइट : बंडखोर कसले?

चहाटळ :
सरळच विचारतो, या प्री-राफेलाइट चित्रकारांना बंडखोर कशाला म्हणायचं? १८४८ ला लंडनमध्ये विशीतली सात पोरं जमली, गुपचूप मंडळ काढलं, चित्राच्या कोपऱ्यात पी.आर.बी. (प्री-राफेलाइट ब्रदरहुड) लिहायला लागली आणि ठरवलं काय, तर राफेल या जुन्या इटालियन चित्रकाराच्या आधीचं तेच खरं! बाहेर गिरण्यांचा धूर, यांच्या चित्रात सरदार आणि लांब केसांच्या बायका. बरं, ज्या रॉयल अकॅडमीला, लंडनच्या त्या बड्या कलासंस्थेला, शिव्या घातल्या तिचाच अध्यक्ष झाला ना यांच्यातला मिले, १८९६ ला.

शाईचा डाग :
अरे पण शेवटी काय झाला यावरून सुरुवात खोटी ठरते का? अकॅडमीत तेव्हा सगळं ठरलेल्या साच्यात बसवायचं, वर तपकिरी रंगाचा रस्सा ओतायचा. त्या सातांतल्या हंट आणि मिलेने ओल्या पांढऱ्या थरावर पातळ रंग लावले म्हणून त्यांचा हिरवा अजून ताजा दिसतो. आणि मिलेचं १८५० चं ते येशूच्या घराचं चित्र बघ, साधी सुताराची खोली, खाली लाकडाचा भुसा, त्यावर कादंबरीकार डिकन्स तुटून पडला की येशूची आई मेरी किती कुरूप काढलीय म्हणून. नुसतं जुन्याचं कौतुक असतं तर एवढं झोंबलं असतं कुणाला?

मनीमाऊ :
तुमचं बंड चालू द्या, पण पाण्यात कोण झोपलं होतं? मिलेच्या ‘ऑफिलिया’साठी, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातल्या बुडणाऱ्या मुलीच्या चित्रासाठी, एलिझाबेथ सिडल ही मॉडेल टबमध्ये पडून राहायची, पाणी गरम ठेवणारे खालचे दिवे विझले तरी मिलेचं लक्ष नाही, ती आजारी पडली आणि वडिलांनी डॉक्टरचा खर्च मागितला. ती स्वतः चित्रं काढायची हे किती जणांना माहितीये? १८६२ ला गेली, तेव्हा नवऱ्याने, त्याच सातांतल्या रॉसेटीने, आपल्या कवितांची वही शवपेटीत ठेवली आणि सात वर्षांनी कबर उकरून परत काढली. काय बोलायचं!

चहाटळ :
हे मात्र भयानक आहे. पण माझाच मुद्दा पक्का झाला ना, बायकांच्या बाबतीत कसलं बंड?

गिरगावकर :
जरा अवांतर. त्यांच्या पुढच्या पिढीतला चित्रकार बर्न-जोन्स, त्याचा साडू शिल्पकार लॉकवूड किपलिंग १८६५ ला आपल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पं त्याचीच. भाजी घेताना वर बघा कधीतरी.

चहाटळ :
वा, म्हणजे आता साडूचं कामही बंडाच्याच खात्यात का?

शाईचा डाग :
टाक. तुझ्या खात्यात तसंही काही नाहीये.