'इरावती' नाव ठेवावं का? उगम, अर्थ आणि अनुभव हवेत

ठाण्याची_आत्या

नमस्कार मंडळी. भावाला मुलगी झाली, पुढच्या रविवारी बारसं आहे. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यामुळे सध्या माहेरी माझा भाव वधारलाय आणि डोकंही उठलंय. कृत्तिकेचं दुसरं चरण आहे, म्हणजे 'इ' किंवा 'ई'. घरच्यांच्या यादीत ईशा, ईश्वरी, इशिता आणि इरा. वाईट एकही नाही, पण आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी 'इरा' अशी हाक मारली तर दोन झोपाळ्यांवरून तरी 'ओ' येईल.

माझ्या मनात 'इरावती' आहे. वहिनीला आवडलंय. वहिनीच्या आईचं म्हणणं, मुलीला नदीचं नाव ठेवू नये, सासरी जाच होतो. भावाचं म्हणणं, हे नाव नऊवारी नेसून आल्यासारखं वाटतं. शिवाय त्याने अट घातलीय की नाव कुठून आलं ते नीट सांग, कारण नेटवर बघावं तर प्रत्येक नावाचा अर्थ 'तेजस्वी' नाहीतर 'लक्ष्मी' असतो. (हे मात्र त्याचं खरं आहे.)

तर जाणकारांनी सांगा: नाव कुठलं, कुणाचं आहे का, आणि इंग्रजीत व्ही की डब्ल्यू?

पाटीपेन्सिल

संस्कृत शिकवण्यात जन्म गेला, म्हणून थोडं लांबण लावतो.

'इरा' म्हणजे पाणी, पेय, पोसणारं अन्न. ते जिच्यापाशी भरपूर आहे ती इरावती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात विष्णूच्या सूक्तात 'इरावती धेनुमती हि भूतम्' असं येतं (७.९९.३). तिथे ते कुणाचं नाव नाही. आकाश आणि पृथ्वी या दोघींना उद्देशून म्हटलंय की अन्नपाण्याने भरलेल्या, गाईगुरांनी समृद्ध अशा व्हा. नाव म्हणून ते नदीला चिकटलं. यास्क निरुक्तात सांगतो की इरावतीलाच परुष्णी म्हणतात. सुदास राजाची दहा राजांशी लढाई झाली ती परुष्णीच्या काठी, आणि तीच आजची पंजाबातली रावी. म्हणजे 'रावी' हे नाव तुमच्या भाचीच्या नावाचंच झिजलेलं रूप. घरी हाक मारायला 'इरा'पेक्षा मला 'रावी' बरं वाटतं, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

बायकांची नावं म्हणून विचाराल तर तीन ठिकाणं पक्की आहेत. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात भद्रमदेची मुलगी इरावती, आणि तिचा मुलगा ऐरावत, इंद्राचा हत्ती. भागवतात परीक्षिताची बायको इरावती, उत्तराची मुलगी. हा उत्तर म्हणजे परीक्षिताच्या आईचा भाऊ, तेव्हा राजाने मामाची मुलगीच केली म्हणायची. जनमेजय हा तिचा मुलगा. महाभारतात मात्र परीक्षिताच्या राणीचं नाव माद्रवती आहे, त्यामुळे कुणी तिथे शोधून 'नाही सापडत' म्हणालं तर घाबरू नका.

तिसरी इरावती कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त. अग्निमित्राची धाकटी राणी. ही मला सगळ्यांत आवडते. वसंतात राजाबरोबर झोपाळ्यावर बसायचं ठरलेलं, म्हणून थोडं मद्य घेऊन बाईसाहेब बागेत येतात आणि बघतात तर राजा मालविकेच्या मागे. कमरेची मेखला ओढून राजालाच हाणायला निघते! सगळ्या नाटकात खरा राग हिला एकटीलाच येतो.

मुळामुठा

पाटीपेन्सिल सर, बारशाला मद्य आणि मेखलेची गोष्ट नको सांगायला, आजी पाळण्यातून नाव परत घेतील 😀

मराठी घरांत हे नाव माहीत आहे ते इरावतीबाई कर्व्यांमुळे. त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशात म्यिंजान नावाच्या गावी. वडील, गणेश हरी करमरकर, तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. गाव इरावतीच्या काठी, म्हणून मुलीचं नाव इरावती. म्हणजे त्यांच्या नावामागची नदी रावी नव्हे, ब्रह्मदेशातली. लहानपणीच त्यांना शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं आणि पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. बर्लिनला जाऊन डॉक्टरेट, डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र, 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक. आमची आजी त्यांच्याबद्दल बोलताना आधी स्कूटरचं सांगायची, मग अकादमीचं.

आता आजींना सांगण्यासारखं. इरावतीबाई या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई, दिनकररावांच्या पत्नी. त्यांच्या सासूबाई म्हणजे बाया कर्वे, सासरचं नाव आनंदीबाई, माहेरची गोदू. म्हणजे सासू गोदावरीच्या नावाची, सून इरावतीच्या. आणि ही सून नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारायची. सासरी जाच झाल्याचं निदान यांच्याबाबतीत तरी कुणी म्हणणार नाही.

रत्नांग्रीकर

ब्रह्मदेशचा विषय निघालाच आहे तर आमच्या थिबा राजाला विसरू नका. १८८५ साली इंग्रजांनी त्याला मंडालेहून बोटीत घातला तो याच इरावतीतून खाली रंगूनला, मग मद्रास, शेवटी रत्नागिरी. १९१६ साली इथेच वारला. टिळक सहा वर्षं मंडालेला होते, तेही याच नदीकाठचं. इतकं मराठी माणसाचं त्या नदीशी देणंघेणं आणि नाव मात्र दहा घरांत नाही. ठेवा बिनधास्त.

मी_पण_इरावती

नावावरून हजेरी लावते. 🙋‍♀️

माझ्या आईने कर्वेबाईंवरून ठेवलं. शाळेत, कॉलेजात, नोकरीत दुसरी इरावती भेटली नाही. टीव्हीवर इरावती हर्षे दिसायला लागली तेव्हा आईने सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते, जणू तिलाच काम मिळालंय.

भोगलेलं सांगते. शाळेत दरवर्षी नव्या बाईंनी पहिल्या दिवशी हजेरी घेताना 'ऐरावती' म्हणायचं आणि मागच्या बाकावरून सोंडेचा आवाज यायचा. (सर म्हणतात तो हत्ती मुलगा आहे हे तेव्हा माहीत असतं तर त्या पोरांना मी 'आई' म्हणायला लावलं असतं.) पाचवीनंतर ते आपोआप थांबलं. आमच्या शेजारच्या गुजराती काकी 'इराबेन' म्हणतात, ऑफिसातले तेलुगू साहेब 'ऐरावती' म्हणतात, फोनवर कुरिअरवाला 'हेरावती' म्हणतो. घरी मी 'इरू'.

फायदा असा की एकदा नाव कळलं की माणूस विसरत नाही. मुलाखतीला गेले की पहिली दोन मिनिटं नावावर जातात आणि तोवर घशाची कोरड कमी होते. 'जुनाट' कुणी म्हटलेलं आठवत नाही. 'बंगाली का?' असं मात्र फार जण विचारतात.

माझा आग्रह एकच: कागदावर पूर्ण 'इरावती' लावा. कागदावर 'इरा' लावलंत तर घरच्या हाकेला काही उरणारच नाही.

एडिसनची_मावशी

वरच्या सल्ल्याला माझाही दुजोरा, कारण वेगळं. भाची कधी अमेरिकेत आलीच तर 'इरा' इथे पुरुषाचं नाव आहे, हिब्रूतून आलेलं. गीतकार इरा गर्श्विन आठवा. शिवाय कॅपिटलमध्ये लिहिलं की निवृत्तीसाठीचं खातं होतं, आणि आयर्लंडच्या माणसाला तिथली सशस्त्र संघटना आठवते. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला दवाखान्यातून 'मिस्टर' लावून पत्रं येतात. रशियन शेजारणीला मात्र 'इरा' ऐकून घरचं वाटलं, त्यांच्याकडे ते इरिनाचं लाडाचं नाव.

'इरावती' इथल्या लोकांना म्हणायला जड जात नाही. चार सुटसुटीत तुकडे पडतात. आमच्या 'ज्ञानदा'ची काय दशा होते ते विचारूच नका.

ठाण्याची_आत्या

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सर, नदीचं नाव नको हे कुठे लिहिलंय का, की नुसतंच बोलायचं म्हणून बोलतात?

पाटीपेन्सिल

लिहिलंय. मनुस्मृती, तिसरा अध्याय, नववा श्लोक: 'नर्क्षवृक्षनदीनाम्नीम्'. पण तिथे मुलीचं नाव काय ठेवावं हा विषयच नाही, कुठल्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांवरून नाव असलेली नको म्हणे. त्या हिशेबाने रोहिणी, रेवती, तुळसा, गंगू, कृष्णा, मैना सगळ्या बाद. आपल्या आज्या-पणज्यांची लग्नंच झाली नसती. महाराष्ट्राने हा श्लोक कधी मनावर घेतला नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशींचं माहेरचं नाव यमुना होतं, तेही ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणचं. तुमच्या जवळचंच उदाहरण, सांगा त्यांना.

खिडकी_क्रमांक_चार

जन्म-मृत्यू नोंदणीत बरीच वर्षं काढलीत, तेवढंच सांगतो. बारशाच्या आत कागदावर नाव पाहिजे म्हणून घाई करू नका. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती रुग्णालयच देतं. नावाची जागा रिकामी राहिली तरी चालते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव घातलं तर विलंब शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. मात्र एकदा घातलेलं नाव बदलायला गेलात की चपला झिजतात. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला लागतो, तेव्हा स्पेलिंगचं भांडण आधी घरात उरकून घ्या.

व्ही की डब्ल्यू? कर्वेबाई डब्ल्यू लिहीत. मी व्ही म्हणेन, कारण पुढे सगळीकडे ऐकून टाइप करणारा माणूस व्हीच मारतो. डब्ल्यूचा हट्ट असेल तर आयुष्यभर 'डब्ल्यू, डब्ल्यू' ओरडायची तयारी ठेवा. दाखला हातात आला की खिडकीवरच मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचा. मराठीत पहिली इ ऱ्हस्व, शेवटची ती दीर्घ. संगणकावर 'ईरावती' हमखास होतं. कुंडलीत चरण 'ई'चं आहे म्हणून दाखल्यावर दीर्घ लिहायची गरज नाही.

मी_पण_इरावती

खिडकीवाले काका, दंडवत. माझ्या रेशनकार्डावर 'ईरावती', दाखल्यावर 'इरावती' आणि विजेच्या बिलावर 'इरावति' आहे. मी व्हीवाली. व्हीच घ्या.

ठाण्याची_आत्या

ताजी बातमी. भाऊ अग्निमित्राची गोष्ट ऐकून पटकन तयार झाला, 'नऊवारी' वगैरे विसरला. कागदावर इरावती, व्हीने. हाकेचं अजून ठरत नाही, वहिनी 'इरू'वर आणि मी 'रावी'वर.

वहिनीच्या आईला आनंदीबाई जोशींचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, ती बिचारी एकविसाव्या वर्षी गेली!" आता काय सांगू?

मुळामुठा

गोदावरी परुळेकर सांगा. १९०७ ते १९९६. सरकारने तडीपार केलं तरी वारली आदिवासींचा लढा सोडला नाही.

ठाण्याची_आत्या

हे चालेल. उद्या सकाळच्या चहाला काढते विषय.