मदत हवी आहे: शुक्राच्या पृष्ठभागाचं वय मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. रविवारी सातवीच्या मुलांना घेऊन वेताळ टेकडीवरच्या खाणीत जातेय. तिथला काळा दगड, बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हे सांगणं सोपं आहे. भोकांमधले पांढरे स्फटिक बोटाने चाचपता येतात.

तिथून मला शुक्रावर जायचंय. १९८२ मध्ये व्हेनेरा १३ हे सोव्हिएत यान तिथे उतरलं, त्या भट्टीत दोन तास टिकलं, आणि त्याने तपासलेला दगडही बेसॉल्टच्याच जातीचा निघाला!

अडतंय ते पुढे. नासाच्या मॅगेलन यानाच्या रडार नकाशांत अख्ख्या ग्रहावर उल्का आदळून झालेली जेमतेम हजारभर विवरं दिसतात, तीही सगळीकडे विखुरलेली, बरीचशी धडधाकट. विवरं जितकी कमी तितका पृष्ठभाग नवा, म्हणून तो शंभर कोटी वर्षांच्या आतला मानतात, ग्रह मात्र साडेचारशे कोटींचा. मग जुनं सगळं एका झटक्यात लाव्ह्याखाली गेलं, की ठिकठिकाणी, हळूहळू? मला दुसरं जास्त पटतं. पण विवरांच्या विखुरण्यावरून या दोन्हींत फरक कसा ओळखतात?

कुणी भूशास्त्र शिकलेलं असेल तर सोप्या मराठीत सांगाल का? शनिवार रात्रीपर्यंत कळलं तर फार बरं होईल.